लायसन्सच्या पुस्तकापासून अनुदानापर्यंत : आकाशवाणी-दूरदर्शनच्या पैशाची पार्श्वभूमी

जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचं काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. पुण्यात पूर्णवेळ अधिकारी नाही, असं कारण सांगितलं गेलं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्या आता पुण्याहून येणार नाहीत हे कळताच श्रोते, पत्रकार, राजकीय कार्यकर्ते सगळेच बोलू लागले. थोड्याच दिवसांत केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्र्यांनी त्या आदेशाला स्थगिती दिली. या गदारोळात एका प्रश्नाकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. अशा बातम्यांचा खर्च उचलायची बांधिलकी नेमकी कुणाची, आणि ती कुठे लिहून ठेवली आहे का? हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईच्या रेडिओ केंद्राचं उद्घाटन केलं. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचं केंद्र सुरू झालं. दोन्ही केंद्रं चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती. रेडिओ बाळगायचा तर वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यायचा, त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला मिळायचा. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओ संचांवर कंपनीला ठरावीक आकार मिळे. व्यवस्था ब्रिटनच्या धर्तीवर बेतलेली होती, पण तिथे घरोघरी परवाने होते. इथे १९२९ च्या अखेरीस सगळ्या हिंदुस्थानात मिळून परवान्यांची संख्या आठ हजारांच्याही आत होती. आठ हजार गुणिले आठ रुपये केलं, तरी वर्षाचे जेमतेम ६४ हजार होतात. तेवढ्यात दोन शहरांतली केंद्रं, गायक-वादक, यंत्रं आणि माणसं सांभाळायची होती. मार्च १९३० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला.

एप्रिल १९३० पासून सरकारने केंद्रं ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी मंदीमुळे काटकसरीची कात्री फिरली आणि ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारने प्रसारण बंद करायचं ठरवलं. त्यावर लोकांनी ओरड केली, संच विकणाऱ्या व्यापाऱ्यांनीही केली, आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घेतला गेला. पैसा उभा करण्यासाठी संचांवरची आयात जकात २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेण्यात आली. म्हणजे रेडिओ वाचला, पण त्याची किंमत ऐकणाऱ्याच्या खिशातून वसूल झाली. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्या काळी ऐकणारा आणि पैसे देणारा एकच होता, आणि त्याला ते ठाऊकही होतं.

१९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. मग १९४८ मध्ये नागपूर आणि १९५३ मध्ये पुणे सुरू झालं. गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीजांचं पणजीचं केंद्रही आकाशवाणीत आलं.

आमच्याकडे ट्रंकेत आजोबांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक अजून आहे. तळहाताएवढं, कडा झिजलेल्या. दर वर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, त्या रकमेचं तिकीट पुस्तकात चिकटवून घ्यायचं आणि त्यावर पोस्टाचा शिक्का. सत्तरच्या दशकात रेडिओचे वर्षाला १५ रुपये पडायचे, टीव्हीचे ५०. इन्स्पेक्टर केव्हाही दारात येऊन पुस्तक मागू शकत असे. लायसन्स नसेल तर दंड, प्रसंगी संचही जप्त. आकाशवाणी सरकारी खातंच असल्याने हा पैसा सरकारी तिजोरीत जायचा आणि खर्च अर्थसंकल्पातून यायचा. तरीही आजोबांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: आपण पैसे भरतो म्हणून पहाटे भक्तिसंगीत लागतं, संध्याकाळी बाजारभाव कळतात.

त्या पैशातून काय ऐकवायचं, यावर पन्नाशीच्या दशकात मोठी ओढाताण झाली. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षं माहिती व प्रसारण खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होतं. शास्त्रीय संगीत घरोघरी पोचवणं हे सार्वजनिक माध्यमाचं काम आहे असं ते मानत. चित्रपटगीतं त्यांनी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्यांच्या पाठोपाठ जाहिरातदारही. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून चित्रपटसंगीत परत आणावं लागलं, पण तीही पुढची दहा वर्षं विनाजाहिरात चालली. केसकरांचा हट्ट मला पूर्ण पटत नाही. पण लोक ऐकतात म्हणूनच नव्हे, तर त्यांना ऐकायला मिळावं म्हणूनही काही कार्यक्रम करायचे असतात, ही त्यांची भूमिका या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे.

१९६४ मध्ये नेमलेल्या चंदा समितीने दोन वर्षांनी अहवाल दिला. आकाशवाणी आणि टीव्ही यांची स्वतंत्र महामंडळं करा, ही तिची मुख्य शिफारस. ती बाजूला राहिली. जाहिराती घ्यायचं मात्र लगेच ठरलं, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या प्रयोग म्हणून मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ पासून आल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं.

आणीबाणीत या दोन्ही माध्यमांचं काय झालं ते सांगायला नको. जनता सरकारने वर्गीस समिती नेमली. तिने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या राष्ट्रीय न्यासाचा आराखडा मांडला. १९७९ मध्ये लालकृष्ण अडवाणी यांनी आकाशवाणी-दूरदर्शनसाठी स्वायत्त महामंडळ करणारं प्रसारभारती विधेयक आणलं, पण सरकार गेलं आणि विधेयकही बारगळलं.

ऐंशीच्या दशकात लहान-लहान प्रक्षेपकांचं जाळं देशभर भराभर पसरलं, रंगीत टीव्ही आला, प्रायोजित मालिका आल्या. जाहिरातींचा पैसा दिसू लागला तशी लायसन्सची वसुली कटकटीची वाटू लागली आणि दशकाच्या मध्यावर ती पद्धतच बंद केली गेली. आजोबांच्या पुस्तकातली शेवटची काही पानं कोरी आहेत. घरात त्याचा आनंदच झाला असणार, वर्षाचे पैसे वाचले. पण श्रोता आणि केंद्र यांच्यातला तो थेट धागा तुटला, आणि त्या जागी काय बांधायचं याचा विचार कुणी केल्याचं दिसत नाही.

१९९० मध्ये व्ही. पी. सिंह सरकारच्या काळात प्रसारभारती कायदा झाला. त्यातली दोन कलमं शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. कलम १२ म्हणतं की लोकांना माहिती देणारं, शिक्षण देणारं आणि रंजन करणारं सार्वजनिक प्रसारण करणं हे महामंडळाचं प्राथमिक कर्तव्य राहील. पुढे शेती, ग्रामविकास, आरोग्य, महिला, दुर्बल घटक, अल्पसंख्याक, विविध भाषा, अशी लांबलचक यादी आहे. भाषा आज्ञेची आहे. कलम १७ पैशाचं. तिथे भाषा बदलते. संसदेने मंजुरी दिल्यावर केंद्र सरकार महामंडळाला दर वर्षी पैसे ‘देऊ शकेल’. कोणते? एक, प्रसारण-संच परवाना शुल्काची रक्कम, ‘असल्यास’. आणि दोन, भागभांडवल, अनुदान किंवा कर्ज या रूपाने सरकारला आवश्यक वाटतील त्या इतर रकमा. परवाना शुल्क तर कायदा होण्याआधीच रद्द झालं होतं. त्यामुळे पहिला स्रोत कागदावरच राहिला आणि दुसरा सरकारला काय वाटतं यावर. कर्तव्य पक्कं आणि पैसा ऐच्छिक, ही गाठ तेव्हाच बसली.

कायदा लागू व्हायला आणखी सात वर्षं गेली. मधल्या काळात उपग्रह वाहिन्या आल्या आणि दूरदर्शनची जाहिरातींवरची मक्तेदारी संपली. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं आणि तिच्या नियमनासाठी स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण नेमायला सांगितलं. या निकालाचा मुख्य भाग न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला होता. पुढे १५ सप्टेंबर १९९७ रोजी कायदा अमलात आला आणि २३ नोव्हेंबरला प्रसारभारती महामंडळ स्थापन झालं.

महामंडळाला वारसाने मिळालं ते अवाढव्य जाळं आणि हजारो कर्मचारी. त्यांच्या सेवाशर्तींचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळला. अखेर कायद्यात दुरुस्ती करून ५ ऑक्टोबर २००७ रोजी सेवेत असलेले कर्मचारी केंद्र सरकारचे, प्रसारभारतीत प्रतिनियुक्तीवर आहेत असं धरलं गेलं. २०१२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या पगाराचा भार उचलला आणि जुन्या कर्जांच्या ओझ्यातून महामंडळाला मोकळं केलं. चांगलाच निर्णय होता तो. पण त्यामुळे सरकारी अनुदान म्हणजे प्रामुख्याने पगार, असं समीकरण घट्ट झालं. गेली काही वर्षं अर्थसंकल्पातून प्रसारभारतीला साधारण अडीच हजार कोटींच्या घरात रक्कम मिळते. आकडा ऐकायला मोठा आहे. त्यातलं मच्छीमारांना दिलेल्या वादळाच्या इशाऱ्यावर किती, बोलीभाषेतल्या कार्यक्रमावर किती, हे मात्र त्या एका आकड्यातून कळत नाही.

दोरी कुणाच्या हातात आहे ते २०१८ मध्ये उघड दिसलं. मंत्रालयाने पगाराचे पैसे अडवले, असं प्रसारभारतीचे तेव्हाचे अध्यक्ष ए. सूर्यप्रकाश यांनी जाहीरपणे सांगितलं. अनुदान घेणाऱ्या संस्थेने वित्तीय नियमांप्रमाणे सामंजस्य करार करायला हवा, अशी मंत्रालयाची बाजू होती. कोण बरोबर, हा भाग वेगळा. पगार मंत्रालयाच्या मंजुरीवर अवलंबून असेल तर बातम्या देणाऱ्या संस्थेची स्वायत्तता केवढी असू शकते, हा माझा प्रश्न आहे.

नेमक्या कामासाठी नेमका पैसा, अशी काही उदाहरणं आहेत आणि ती चांगली चाललेली आहेत. कृषी मंत्रालयाने २००४ च्या सुमारास शेतीविषयक प्रसारणासाठी वेगळी योजना आखली. तिच्यातून आकाशवाणीच्या ९६ एफएम केंद्रांवर ‘किसानवाणी’ सुरू झाली. गावातल्या शेतकऱ्याला तालुक्याच्या बाजाराचा भाव आणि परिसरातल्या हवामानाचा अंदाज मिळतो, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून येतात ते स्पष्ट असतं. २००७ चा क्रीडा प्रक्षेपणाचा कायदाही याच जातीचा. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी हक्कधारकाने प्रसारभारतीला द्यायचं. टीव्हीच्या जाहिरात उत्पन्नात किमान ७५ टक्के हक्कधारकाचे, २५ प्रसारभारतीचे. ज्याच्या घरी केबलचे पैसे द्यायची ऐपत नाही, त्यालाही सामना दिसतो.

डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली, आता ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाणारी सेवाही इथे आठवते. एकदा छत्री बसवली की महिन्याचं भाडं नाही. तिच्यावर जागा मिळवण्यासाठी खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात आणि तो पैसा प्रसारभारतीला मिळतो. दूरदर्शनचे अॅनालॉग प्रक्षेपक मोजके सोडून २०२२ पर्यंत बंद झाले, तेव्हा साधा अँटेना लावणाऱ्या घरांना याच छत्रीचा आधार उरला.

सॅम पित्रोदा समितीने २०१४ मध्ये मालमत्ता, पैसा आणि नेमणुका या तिन्ही बाबतींत प्रसारभारतीला खरी मोकळीक द्या असं सुचवलं. जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी २,५३९ कोटी ६१ लाखांची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. प्रक्षेपक, स्टुडिओ, एफएमचा विस्तार, दुर्गम भागात मोफत सेटटॉप बॉक्स, असा तिचा भर. यंत्रांसाठी ठरावीक मुदतीची, ठरावीक रकमेची योजना करता येते, हे त्यातून दिसतं. कार्यक्रमांसाठी तशी बांधिलकी कायद्यात अजून नाही.

माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या जबाबदारीचा एक तुकडा खासगी वाहिन्यांकडेही दिला. रोज ३० मिनिटं शिक्षण, शेती, आरोग्य, विज्ञान, महिला कल्याण, दुर्बल घटक, पर्यावरण व वारसा, राष्ट्रीय एकात्मता अशा विषयांवरचे कार्यक्रम दाखवायचे. मध्यरात्र ते सकाळी सहा ही वेळ धरायची नाही. क्रीडा वाहिन्यांसारख्या काहींना सूट आहे. न्यायमूर्ती सावंतांच्या त्या निकालातलं तत्त्वच इथे आधाराला घेतलं आहे: लहरी लोकांच्या, म्हणून त्या वापरणाऱ्याने लोकांसाठी थोडा वेळ द्यावा. या अर्ध्या तासासाठी सरकार पैसे देत नाही. वाहिनीने आपल्या खर्चाने कार्यक्रम करायचे आणि ते दाखवल्याची माहिती दर महिन्याला मंत्रालयाच्या पोर्टलवर स्वतःच भरायची.