औषधी वनस्पतींतील अंतर्वासी जीवाणू

वनस्पतीच्या मुळांत, खोडात किंवा पानांत तिला अपाय न करता राहणारे जीवाणू म्हणजे अंतर्वासी जीवाणू. ‘एंडोफाइट’ ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ मध्ये वापरली. उपमुळे फुटताना पडणाऱ्या बारीक भेगांतून हे जीवाणू आत शिरतात आणि पेशींमधल्या मोकळ्या जागेत वस्ती करतात. काही बियांतूनच पुढच्या पिढीत जातात. त्यांतले कित्येक, विशेषतः स्ट्रेप्टोमायसिस आणि बॅसिलस प्रजातींतले, इतर जीवाणूंना मारक ठरणारी द्रव्ये तयार करतात.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण उत्तर ऑस्ट्रेलियातले आहे. तिथले आदिवासी ‘स्नेकवाइन’ नावाची वेल ठेचून जखमेवर बांधत आले. अमेरिकेतील माँटाना स्टेट विद्यापीठाचे गॅरी स्ट्रोबेल आणि सहकाऱ्यांना या वेलीच्या आत एक स्ट्रेप्टोमायसिस सापडला. त्याच्यापासून मिळालेल्या ‘मुनुम्बिसिन’ या प्रतिजैविकांची माहिती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती क्षयाच्या आणि काळपुळीच्या (अँथ्रॅक्स) जीवाणूंवरही प्रभावी दिसली. वेलीचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेला गुण निदान काही अंशी तिच्या पाहुण्याचा असू शकतो, ही शक्यता या शोधाने समोर आणली.

कडुनिंबाचाही असा अभ्यास झाला आहे. वाराणसीच्या परिसरातील २० झाडांतून मिळालेल्या ५५ अंतर्वासी ॲक्टिनोमायसिटींपैकी (स्ट्रेप्टोमायसिस ज्यात मोडतो तो जीवाणूंचा गट) सुमारे ६० टक्क्यांनी रोगकारक बुरशी किंवा जीवाणूंची वाढ रोखली (२००९). सर्वाधिक नमुने मुळांतून मिळाले.

या कामात निर्जंतुकीकरण फार महत्त्वाचे. वनस्पतीचा तुकडा अल्कोहोल व सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. शेवटच्या धुवणाचे पाणीही अगारवर (जीवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर) पसरून पाहतात. त्यात काही उगवले, तर सापडलेला जीवाणू आतला की सालीवरचा हे सांगता येत नाही आणि सारी मेहनत वाया जाते. मग वाढवलेल्या जीवाणूचा अर्क रोगजंतूंच्या थरावर ठेवून त्याभोवतीच्या, जंतू न वाढलेल्या स्वच्छ वलयाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. वलय मोठे म्हणजे औषध प्रभावी, असे मात्र नाही. अगारात सहज पसरणारे सौम्य द्रव्यही रुंद वलय देते. म्हणून वाढ रोखणारी किमान मात्रा काढावी लागते, आणि मानवी पेशींना ते द्रव्य विषारी नाही ना, हेही तपासावे लागते.

वनस्पतीबाहेर वारंवार वाढवल्यास अनेक अंतर्वासी जीवाणूंची ही द्रव्ये बनवण्याची क्षमता घटते. त्यामुळे सुरुवातीचे नमुने ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंश सेल्सिअसला जपून ठेवतात.