इंजेक्शनचं औषध तोंडावाटे, ही पद्धत आली कुठून

इंजेक्शनच्या व्हायलमधलं औषध ओढायचं, सुई काढायची आणि ते पोराच्या तोंडात सोडायचं, हे बघून बरेच पालक घाबरतात, आणि वॉर्डात नवीन लागलेल्या सिस्टर पण दोनदा विचारतात, डॉक्टर नक्की ओरलच ना. विचारायलाच पाहिजे, त्यात काही चूक नाही. पण ही पद्धत कुणाच्या आळसातून आलेली नाही, आणि दोष द्यायचाच तर तो लहान मुलांसाठी औषधच न बनवणाऱ्या सगळ्या व्यवस्थेचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत 1962 साली कायदा कडक झाला, औषध लागू पडतं हे कंपनीने सिद्ध करून दाखवायचं. चांगलाच कायदा, पण झालं असं की कंपन्यांनी मोठ्या माणसांवर चाचण्या केल्या आणि लेबलवर लिहून टाकलं की मुलांमध्ये अभ्यास झालेला नाही. हॅरी शर्की नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याच दशकात अशा मुलांना औषधांच्या जगातली अनाथ मुलं म्हटलं. आजार मुलांना होत होताच, औषध द्यावं लागतच होतं, मग हाताशी काय, तर मोठ्यांची गोळी किंवा मोठ्यांचं इंजेक्शन. गोळी कुटून तिचा आठवा भाग नीट करणं अवघड, इंजेक्शन मात्र आधीच विरघळलेलं असतं आणि एका मिलीत किती मिलिग्रॅम ते वर छापलेलं असतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण क्रूपचं, म्हणजे लहान मुलांच्या घशाला, श्वासनलिकेच्या वरच्या भागाला सूज येते त्या आजाराचं. पोर रात्री भुंकल्यासारखं खोकतं, श्वास आत घेताना आवाज येतो, आणि रडलं की श्वास अजून अडकतो. त्यामुळे अशा पोराला सुई टोचून रडवणं शक्यतो नकोच असतं. क्रूपमध्ये स्टेरॉइड द्यावं की नाही यावर कित्येक वर्षं वाद चालला, 1989 साली आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा फायदा दिसला. मग 1995 ला ऑस्ट्रेलियात पर्थच्या गीलहूड यांनी तोंडावाटे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन दाखवलं की किलोला 0.15 मिग्रॅ पण 0.6 इतकंच काम करतं, आणि 2004 मध्ये कॅनडात सौम्य क्रूपच्या 720 मुलांवरच्या अभ्यासात तोंडावाटे एकच डोस दिल्यावर परत डॉक्टरकडे यावं लागलेल्या मुलांचं प्रमाण साधारण 15 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आलं. म्हणजे तोंडावाटे चालतं हे ठरलं, प्रश्न उरला देणार कुठलं औषध.

आता हिशोब बघा. दहा किलोचं पोर, किलोला 0.6 म्हणजे 6 मिग्रॅ. अमेरिकेतल्या पातळ औषधात 5 मिलीला 0.5 मिग्रॅ, म्हणजे पाजायचं 60 मिली, धाप लागलेल्या पोराला! दुसरं घट्ट औषध होतं त्याचे 6 मिली पुरायचे पण त्यात 30 टक्के अल्कोहोल. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या धरल्या तर 12 गोळ्या. आणि इंजेक्शन 4 मिग्रॅ प्रति मिली असलेलं, फक्त दीड मिली, चव कडू म्हणून थोड्या सिरपमध्ये मिसळलं की झालं. आपल्याकडे तर डेक्साची 2 मिलीची व्हायल छोट्या दवाखान्यात पण असते. यात एक बारीक गोष्ट आहे ती लक्षात ठेवावी, इंजेक्शनमध्ये डेक्सामेथासोन फॉस्फेट असतं, पाण्यात विरघळावं म्हणून, त्यामुळे ब्रिटनमध्ये लेबलवर आता मूळ औषधाच्या हिशोबाने 3.3 मिग्रॅ प्रति मिली लिहितात. लेबल न वाचता सवयीने डोस भरला तर गडबड होणारच.

मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाची गोष्ट भूलतज्ज्ञांकडून आली. ऑपरेशनच्या आधी पोर आईला सोडत नाही, मग शांत करायला तोंडावाटे द्यायला लागले, पण सिरप कुठेच तयार मिळत नव्हतं, म्हणून इंजेक्शनच गोड सिरपमध्ये मिसळायचं. अमेरिकेत तयार सिरपला मंजुरी मिळाली ती 1998 ला, तोपर्यंत कित्येक वर्षं हेच चालू होतं. इथे महत्त्वाचं म्हणजे तोंडावाटे दिलेल्या औषधाचा बराच भाग लिव्हरमध्येच संपतो, म्हणून तोंडावाटेचा डोस किलोला 0.5 मिग्रॅच्या आसपास, शिरेतून देतात त्याच्या कितीतरी पट. तोच भरलेला डोस चुकून शिरेत गेला तर पोराचा श्वास थांबू शकतो.

व्हिटॅमिन के ची गोष्ट मात्र भीतीतून घडली. नवजात बाळांना रक्तस्राव होऊ नये म्हणून 1961 पासून अमेरिकेत हे इंजेक्शन द्यायची शिफारस होती. 1992 ला ब्रिटनमध्ये ब्रिस्टलहून एक अभ्यास छापून आला की स्नायूत दिलेल्या व्हिटॅमिन के चा आणि लहानपणच्या कॅन्सरचा संबंध असू शकतो, आणि पालक, डॉक्टर सगळेच हादरले. बऱ्याच हॉस्पिटलांनी इंजेक्शनचंच औषध बाळाच्या तोंडात द्यायला सुरुवात केली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत कॅन्सरचा संबंध सापडला नाही. पण तोवर एक गोष्ट लक्षात आली, तोंडावाटे एकदा देऊन भागत नाही, परत परत द्यावं लागतं, आणि ज्या बाळांची पित्तनलिका बंद असते त्यांना ते नीट शोषताच येत नाही, त्यांच्यात उशिराचा रक्तस्राव होतोच. पुढे तोंडावाटे आणि इंजेक्शनने दोन्हीकडून चालणारं वेगळं औषध निघालं, पण सगळ्यात भरवशाचं आजही स्नायूतलं इंजेक्शनच.

व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचं एकदम उलट. ते आतड्यातून रक्तात जवळपास जातच नाही, आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूच्या जुलाबात तेच हवं असतं, म्हणून कॅप्सूल महाग पडतात तिथे इंजेक्शनची पावडर पाण्यात विरघळवून पाजतात. हेच व्हॅन्कोमायसिन शिरेतून दिलं तर त्या जुलाबाला उपयोग नाही.

म्हणून एका औषधाला चाललं म्हणून दुसऱ्याला चालेल असं अजिबात नाही. पेनिसिलिन जी पोटातल्या ॲसिडने खराब होतं, ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलचं इंजेक्शन पण तसंच, इन्सुलिन पचून जातं, फिटवरच्या फेनिटॉइनचं इंजेक्शन इतकं अल्कलाईन की तोंड, घसा भाजेल. शिवाय औषधासोबत आत काय काय आहे ते बघायचं, औषध टिकावं म्हणून घालतात त्या बेंझिल अल्कोहोलमुळे नवजात बाळं दगावल्याचं 1982 मध्ये अमेरिकेत समोर आलं होतं, आणि काही मल्टिडोस (अनेक डोस काढायच्या) व्हायलमध्ये ते असतं. घरी कुणी हे करून बघू नये, हा निर्णय डॉक्टर आणि फार्मासिस्टचा आहे.

2007 ला युरोपात मुलांच्या औषधांचा कायदा आला, त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या मापाची औषधं बनवा म्हणून मोहीम काढली, त्यामुळे हळूहळू सिरप, विरघळणाऱ्या गोळ्या वाढल्या. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सूचना निघाली की तोंडावाटेचं औषध शिरेच्या नळीला बसणारच नाही अशा वेगळ्या सिरिंजमध्येच भरायचं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून साध्या सिरिंजमध्येच भरतात, तीच सिरिंज कॅन्युलाला, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीला, पण बसते, आणि रात्रीच्या ड्युटीला एकाच ट्रेमध्ये चार सिरिंज असतात. ओरल सिरिंज स्टोअरला मागायची, काचेचा ॲम्प्युल असेल तर काचेचे कण अडवणाऱ्या फिल्टर सुईने ओढायचं, मग ओरल सिरिंजमध्ये घ्यायचं, ‘फक्त तोंडावाटे’ अशी पट्टी लावायची, आणि भरलेली सिरिंज ट्रेमध्ये न ठेवता लगेच पोराला द्यायची.