थिअरेटिकल कंडेन्स्ड मॅटर ग्रुपचं काम

घन किंवा द्रव पदार्थात असंख्य कण एकत्र आले की ते मिळून कसे वागतात, हे फळा, कागद आणि कॉम्प्युटरवर शोधणारा संशोधकांचा गट म्हणजे थिअरेटिकल कंडेन्स्ड मॅटर ग्रुप. मराठीत संघनित पदार्थ असा भारदस्त शब्द आहे पण बोलताना कंडेन्स्ड मॅटरच सोपं पडतं. आधी या विषयाला सॉलिड स्टेट म्हणायचे, मग १९६७ मध्ये केंब्रिजला फिलिप अँडरसन आणि फोल्कर हाइने यांनी आपल्या ग्रुपचं नाव बदलून घेतलं, कारण द्रवांवरचं काम सॉलिडच्या नावाखाली कसं बसवणार.

गंमत अशी की कणांचं वागणं सांगणारं समीकरण १९२६ पासून माहितीये, श्रोडिंगरचं, फक्त ते सुटत नाही. नुसते ४० स्पिन (कणाचा इवलासा चुंबक समजा) घ्या, प्रत्येक वर किंवा खाली, तरी सुमारे १.१ लाख कोटी अवस्था होतात आणि एक स्पिन वाढवला की आकडा डबल! खऱ्या तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये तर ८ वर २२ शून्यं इतके अणू असतात. म्हणून या लोकांचं खरं कसब गणितापेक्षा काय सोडून द्यायचं हे ठरवण्यात असतं, त्यालाच मॉडेल बनवणं म्हणतात.

सगळ्यात गाजलेलं म्हणजे १९६३ चं हबर्ड मॉडेल. इलेक्ट्रॉन एका जागेवरून शेजारच्या जागेवर उडी मारतो आणि एकाच जागी दोघं आले तर जादा ऊर्जा मोजावी लागते, बस एवढंच. एका मितीत, म्हणजे सरळ साखळीत, ते लीब आणि वू यांनी १९६८ मध्ये अचूक सोडवलं, दोन मितींत अजून कुणालाच जमलेलं नाही, आणि १९८६ मध्ये सापडलेल्या कॉपर ऑक्साइड सुपरकंडक्टरचं (अजिबात विरोध न करता वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांचं) कोडं तिथेच दडलंय असं बऱ्याच जणांना वाटतं त्यामुळे लोक पिच्छा सोडत नाहीत.

मग कॉम्प्युटर आला. साखळीसारख्या सिस्टिमला स्टीव्हन व्हाइटची १९९२ ची डीएमआरजी पद्धत, म्हणजे महत्त्वाच्या अवस्था तेवढ्या ठेवून बाकीच्या टाकणारी, मस्त चालते. क्वांटम मॉन्टे कार्लोत, म्हणजे अवस्थांचे यादृच्छिक नमुने घेऊन उत्तर काढण्यात, मात्र इलेक्ट्रॉन असले की बहुतेक वेळा साइन प्रॉब्लेम आडवा येतो, म्हणजे अधिक आणि उणे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती नुसता गोंगाट उरतो.

रोजचं काम एवढं थरारक नसतं. ग्रुपचा प्रमुख, पोस्टडॉक आणि पीएचडीवाले मिळून कुठे २ चा गुणक सुटला, कुठे उणे चिन्ह हरवलं हेच शोधत बसतात, आणि उत्तर आलं की आधी कणांमधली परस्परक्रिया शून्य करून बघतात की जुनं माहितीचं उत्तर परत येतंय का.

कधीकधी थिअरी प्रयोगाच्या पुढेही जाते. डंकन हाल्डेननी १९८३ मध्ये म्हटलं की पूर्णांक स्पिनच्या (१, २ वगैरे) साखळीत ऊर्जेची फट असते, म्हणजे सगळ्यात खालच्या अवस्थेतून वर जायला ठरावीक किमान ऊर्जा लागतेच, अर्ध-पूर्णांक स्पिनच्या (१/२, ३/२ वगैरे) साखळीत नसते. बऱ्याच जणांना ते पटेना, पण काही वर्षांतच न्यूट्रॉनच्या प्रयोगांत ती फट दिसायला लागली. नोबेल मिळायला मात्र २०१६ उजाडलं.