जुनी जीप किंवा ट्रक नावावर करायचाय? आधी चेसिस नंबर शोधा

जुनी गाडी घेताना बरेच जण आधी बॉडी बघतात, मग इंजिनचा आवाज ऐकतात आणि टोकन देऊन झाल्यावर आरसी उघडतात. कृपा करून आरसी पहिली उघडा, कारण आरटीओत चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला ओळख क्रमांक) जुळला नाही तर बाकी कागद कितीही चोख असोत, फाइल पुढे सरकत नाही.

हल्लीसारखा १७ अक्षरी चेसिस नंबर जुन्या गाड्यांना नसतो. अमेरिकेतसुद्धा तो १९८१ पासून सक्तीचा झाला, त्याआधी ज्या त्या कंपनीची आपापली पद्धत, म्हणून पाच-सहाच आकडे दिसले तर घाबरू नका. युद्धकाळातल्या विलीज जीपला फ्रेम नंबरची (म्हणजे चेसिस नंबरचीच) छोटी पट्टी पुढच्या बंपरमागे चेसिसच्या डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेली असायची आणि इंजिन नंबर वॉटर पंपच्या मागे ब्लॉकच्या उंचवट्यावर. ट्रकला बहुतेक वेळा चेसिसच्या लांब पट्टीवरच नंबर पंच केलेला (ठोकलेला) असतो, पुढच्या चाकाच्या आसपास शोधा. केबिनमधल्या पत्र्याच्या प्लेटवर एकट्या विसंबू नका, केबिन बदलली की प्लेटही बदलते.

शोधताना ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. रॉकेल आणि पितळी ब्रश घ्या, हळूहळू काजळी काढा, मग टॉर्च समोरून न मारता आडवी धरा म्हणजे आकड्यांच्या कडा उठून दिसतात, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली की प्रिंट तयार. आमच्या एका जीपच्या हातानं लिहिलेल्या आरसी बुकात ३ होता आणि प्रिंटमध्ये स्पष्ट ८ आला, ते आधीच दिसलं म्हणून अर्ज करण्यापूर्वीच दुरुस्ती मागता आली.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चेसिसची पेन्सिल प्रिंट लागते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६. विकणाऱ्यानं त्याच राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. गाडी 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर दिसतच नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची ऑनलाइन नोंद, करून घ्या.

व्हिंटेज नोंदणी ही वेगळी गोष्ट. २०२१ च्या नियमानुसार गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल नको. आपल्याकडे कितीतरी जीपना मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलंय, त्या इथेच अडकतात. अर्ज फॉर्म २० वर, सोबत इन्शुरन्स, जुनी आरसी आणि इम्पोर्टेड असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद). फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर ५,०००, नंबरात 'व्हीए' येतो. पण नियम दोनचाकी आणि चारचाकींचा आहे आणि धंद्याला गाडी वापरता येत नाही, त्यामुळे मागे जोडचाकं असलेला ट्रक असेल तर पैसे गुंतवण्याआधी आरटीओला लेखी विचारा.

नंबर गंजून गेला असेल तर गॅरेजवाला म्हणेल "साहेब, पंच मारून देतो", त्याला तिथेच थांबवा. पंचाचा दाब खालच्या लोखंडात उतरलेला असतो, म्हणून फॉरेन्सिक लॅबमध्ये केमिकल लावून पुसलेला आकडाही पुष्कळदा परत दिसतो, आणि मूळ आकड्यावर तुमचा नवा पंच सापडला तर खरी गाडीसुद्धा चोरीची ठरायला वेळ लागणार नाही. आहे तसा फोटो काढा आणि आरटीओकडे री-पंचिंगच्या परवानगीचा अर्ज द्या.