शाळेतला घास घरच्या ताटातून वजा होतो का?

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीचे 60 विद्यार्थी हजर असले, तर स्वयंपाक करणाऱ्या ताईंना त्या दिवशी 6 किलो तांदूळ, 1 किलो 200 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 3 किलो भाजी आणि 300 ग्रॅम तेल मोजून घ्यावे लागते. शाळेत दुपारी शिजवलेले जेवण देणाऱ्या पोषण आहार योजनेचा निकषच तसा आहे: प्राथमिकच्या एका मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. यातून 450 किलोकॅलरी ऊर्जा आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. ऊर्जेचा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, कारण तांदळातून सुमारे 350, डाळीतून 65 ते 70 आणि तेलातून 45 किलोकॅलरी येतात. प्रथिनांपैकी सात-आठ ग्रॅम तर तांदळातूनच येतात, हे खिचडीला ‘नुसता भात’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

तरीही डाळीची जागा तांदूळ घेऊ शकत नाही. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमायनो आम्ल, म्हणजे शरीराला अन्नातूनच मिळवावा लागणारा प्रथिनांचा घटक, कमी असते. डाळींत ते भरपूर असते, पण मेथिओनिन हा तसाच दुसरा घटक कमी पडतो, आणि तो तांदळात पुरेसा असतो. एकाची उणीव दुसरे भरून काढते, म्हणून वीस ग्रॅम डाळीतली पाच ग्रॅम जरी कमी झाली, तरी नुकसान दिसते त्याहून मोठे असते. मिसळीच्या कटाखाली दडलेली मोड आलेली मटकी कोल्हापूरकरांना नवी नाही. मोड येताना कडधान्यातील फायटिक आम्ल कमी होते आणि त्याने अडवून धरलेले लोह शरीराला अधिक सहज मिळते. उसळीवर लिंबू पिळले तर आणखी फायदा होतो. उलट सकाळचा चहा-बटर पोटात ढकलून आलेल्या मुलाच्या बाबतीत चहातील टॅनिन लोहाच्या शोषणात आडवे येते.

आता खरा प्रश्न कुटुंबाचा. घरात चार तोंडे असतील आणि धान्य मोजकेच असेल, तर ‘हा शाळेत जेवलाच आहे’ असे म्हणून संध्याकाळी त्याच्या ताटात अर्धी भाकरी कमी पडणे अगदी शक्य आहे, आणि त्यासाठी आईला बोल लावता येणार नाही. तसे घडत असेल, तर मदत मुलाला नव्हे, घराला मिळाली असे म्हणावे लागेल. अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात हे तपासले. मुलांनी मागच्या 24 तासांत काय खाल्ले, याची नोंद काहींच्या बाबतीत शाळेच्या दिवसाची आणि काहींच्या बाबतीत सुट्टीच्या दिवसाची घेतली गेली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शाळेत मिळालेल्या पोषणाचा 49 ते 100 टक्के भाग मुलाच्या दिवसभराच्या आहारात खरोखर वाढ म्हणून दिसला. प्रथिनांची दैनंदिन तूट पूर्ण भरून निघाली, उष्मांकांची जवळजवळ 30 टक्क्यांनी, तर लोहाची जेमतेम 10 टक्क्यांनी घटली. घास फारसा वजा होत नाही, असे यावरून म्हणता येते. लोहाच्या बाबतीत मात्र एका जेवणाची मर्यादाही उघडी पडते.

याहून विलक्षण निष्कर्ष 2021 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आला. ज्या स्त्रियांच्या बालपणी त्यांच्या भागात या योजनेचा पुरेपूर लाभ पोहोचला होता, त्यांच्या मुलांची वयाच्या मानाने उंची, लाभ न पोहोचलेल्या मातांच्या मुलांपेक्षा 0.40 प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या उंचीत सरासरीपासून किती फरक असतो, ते मोजण्याच्या मापाने) जास्त आढळली. मुली अधिक शिकल्या, उशिरा आई झाल्या, आरोग्यसेवा घेऊ लागल्या, या वाटांनीही तो परिणाम पुढे सरकला असावा, असे संशोधकांनी दाखवले. शाळेतल्या भाताचा हिशेब पुढच्या पिढीच्या उंचीत निघतो, हे मला तरी थक्क करणारे वाटते.

पण शाळा बंद असते तेव्हा काय? ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेकाठच्या गावांत घरेच पाण्यात गेली होती. 2020 च्या टाळेबंदीत पालकांना कोरडे धान्य वाटले गेले, आणि साहजिकच ते घरच्या एकाच डब्यात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे बंधनकारक केले, आणि 20 एप्रिल 2004 च्या आदेशाने दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही ते चालू ठेवण्यास सांगितले. कोल्हापूरची अडचण मात्र दुष्काळाची नाही, ती ऊस तोडणीच्या हंगामाची आहे. बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांची मुले दिवाळीनंतर फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात आणि त्यांचे नाव मूळ गावच्या हजेरीपटावर राहते. कुटुंबाला शिधापत्रिकेवर माणशी 5 किलो धान्य आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातूनही उचलता येते; पण कायद्याने मिळणाऱ्या त्या हक्कात तांदूळ आहे, गहू आहे, भरड धान्य आहे, डाळ नाही. म्हणजे ज्या लायसिनसाठी शाळेच्या पातेल्यात वीस ग्रॅमचा आग्रह धरला, ते नेमके कोपीतल्या ताटात येत नाही. मूल जवळच्या शाळेत तात्पुरते बसवले, तर त्याला निदान दुपारी ते मिळते, आणि हे काम तोडणी सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यातच व्हायला हवे.