आधी माती, मग चाक

नाशिकच्या कलाकाराला आज पिशवीबंद माती सहज विकत मिळते. तरीही शिवारातली माती खणून, मुलांना आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन ती तपासण्यापासून सुरुवात करणं आम्हाला कितीतरी मोलाचं वाटतं. या पद्धतीची मुळं इथेच आहेत.

१९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकचं ‘मातीची गढी’ हे टेकाड आणि प्रवरेकाठचं जोर्वे गाव इथे उत्खनन केलं. या गावावरून नाव पडलेल्या जोर्वे संस्कृतीची भांडी तीन हजार वर्षांहून जुनी: चाकावर घडवलेली, नारिंगी-लाल, वर काळी नक्षी, तोटीवाली. चांगलं भाजलेलं भांडं टिचकी मारली की खणखणतं. निवडलेल्या, गाळलेल्या मातीशिवाय हे जमत नाही.

कारण इथली काळी माती अवघड आहे. बेसॉल्ट झिजून झालेली ही माती पाण्याने फुगते, वाळताना आकसते आणि भांडं तडकतं. म्हणून ओल्या वडीवर १० सेंटिमीटरची रेघ मारावी. वाळल्यावर ती ९ पेक्षा कमी भरली, तर पाच भाग मातीत एक भाग बारीक वाळू किंवा वाळलेली, चाळलेली लीद मिसळून पुन्हा पाहावं. दुसरा शत्रू चुनखडीचे खडे. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, पुढे तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि तयार भांड्याची खपली उडते. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळली की हा त्रास बराच टळतो. माती वाळवून वर लिंबू पिळावं, बुडबुडे आले तर चुना आहे असं समजावं.

हे ज्ञान कुंभारांनी पिढ्यान् पिढ्या हातांनी सांभाळलं. हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम म्हणून मांडला, आणि पुढे सेवाग्रामला कुंभारकाम जाणणारे देवी प्रसाद कला शिकवू लागले. मातीच्या आजच्या कार्यशाळांमागे हा वारसा आहे, पण त्यांत कुंभार पाहुणा म्हणून न येता शिक्षक म्हणून यायला हवा.

माती घ्यायची ती तळ्याचा गाळ उन्हाळ्यात उघडा पडल्यावर. शेताचा वरचा सुपीक थर पिकासाठीच राहू द्यावा.