चावा घेतलेल्या कुत्र्याचे दहा दिवस : ग्राहकांसाठी माहिती

माणसाला चावलेल्या कुत्र्याला रेबीज (पिसाळण्याचा रोग) नाही ना, हे बघायला आम्ही त्याला आमच्या केंद्रात दहा दिवस देखरेखीखाली ठेवतो. "आमचा कुत्रा चावलाय, आणून सोडू का?" असा फोन आला की आमचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. कुत्र्याला बांधून ठेवा आणि आधी माणसाकडे बघा. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, अगदी घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. मग तडक पुण्यातल्या ससून, नायडू, कमला नेहरू यांपैकी जे रुग्णालय जवळ असेल ते गाठा. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिद्रव्यं) द्यावं लागतं. ते आवर्जून विचारा.

"कुत्रा तुमच्या देखरेखीखाली आहे, मग इंजेक्शनं दहा दिवसांनी बघू," असं पुष्कळ जण म्हणतात. कृपा करून असं करू नका. लस त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असला तर पुढचे डोस घ्यायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

दहाच दिवस का? रेबीजचा विषाणू नसांवाटे मेंदूत पोचतो आणि तिथून लाळेत उतरतो. लाळेत उतरला की थोड्याच दिवसांत कुत्रा आजारी दिसू लागतो आणि लवकरच दगावतो. म्हणजे दहा दिवसांनंतरही कुत्रा धडधाकट असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. म्हणून आम्ही दिवस मोजतो ते चाव्याच्या तारखेपासून, कुत्रा आमच्याकडे आला त्या तारखेपासून नाही.

तुमच्याच कुत्र्याला पिसाळलेला कुत्रा चावला असेल तर हा हिशोब लागू पडत नाही. तेव्हा विषाणू शरीरात आठवडे, कधी कधी महिने दबा धरून असतो. अशा कुत्र्याला ताबडतोब पशुवैद्याकडे न्या. त्याला लगेच लस आणि काही महिने वेगळं ठेवणं, दोन्ही लागतं. गेल्या काही महिन्यांत रस्त्यावरच्या कुत्र्यांशी झटापट झाली असेल, तर दाखल करताना खरं सांगा.

लस वेळेवर दिलेल्या कुत्र्यालाही दहा दिवस चुकत नाहीत. त्याच्याकडून धोका फार कमी, पण शून्य नाही. लशीची तारीख उलटली असली तरी या दिवसांत आम्ही ती देत नाही. इंजेक्शननंतर कुत्रा सुस्त पडला, तर ती लशीची सुस्ती की आजाराची, हे कळणार कसं?

आमच्याकडे अशा कुत्र्याचा पिंजरा दोन कप्प्यांचा असतो. मधला दरवाजा बाहेरून सरकवता येतो. कुत्रा एका बाजूला गेला की दुसरी बाजू धुतो, त्यामुळे कोणाचाही हात आत जात नाही. दारावर लाल पाटी, तिच्यावर चाव्याची तारीख. भांडी वेगळी. प्रतिबंधक लस घेतलेले कर्मचारीच तिकडे जातात. फिरायला नेणं नाही, आंघोळ नाही, आणि मालकांनी कुरवाळणंही नाही. हे तुम्हाला फार जड जातं, आम्हाला दिसतं. जाळीबाहेर बसून बोला, तो आवाज ओळखतो. घरची एखादी जुनी चादर आणलीत तर लवकर रुळतो.

नोंद सकाळ-संध्याकाळ होते. पाण्याला घाबरतो का, एवढंच लोक विचारतात, पण पिसाळलेला कुत्रा पाण्यात उतरूही शकतो. आम्ही बघतो ते असं : गिळता येतंय का, भुंकणं घोगरं झालंय का, जबडा लोंबतोय का, मागचे पाय लटपटताहेत का. प्रत्येक पिसाळलेला कुत्रा अंगावर येत नाही. काही कोपऱ्यात गप्प पडून लाळ गाळतात. अशा वेळी "घशात हाड अडकलंय वाटतं" म्हणून तोंडात हात घालणं सगळ्यांत धोक्याचं. घरीसुद्धा हे लक्षात असू द्या.

लक्षण दिसलं की पशुवैद्याला आणि चावा बसलेल्या माणसाला त्याच तासाला कळवतो. कुत्रा गेलाच तर लगेच पुरत नाही. मेंदूचा नमुना तपासणीला जाईपर्यंत शव बर्फावर ठेवतो. "आत्ताच इंजेक्शन देऊन संपवा," असा आग्रह कधी सोसायटीकडून होतो. तो आम्ही मानत नाही. कुत्र्याचा जीव तर जातोच, शिवाय चावा बसलेल्या माणसाला उत्तर देणारी देखरेखही मध्येच तुटते.

येताना लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेचा परवाना आणि चावा बसलेल्या व्यक्तीचा फोन नंबर आणा. दहा दिवस पूर्ण झाले की पशुवैद्य तपासून लेखी पत्र देतात. त्याची एक प्रत त्या व्यक्तीला द्या. राहिलेली लस त्याच दिवशी टोचून कुत्रा तुमच्या ताब्यात देतो.